आक्काच्या गावाला रेंज आहे म्हणतात

एरवी मी इथे ज्या सहलींबद्दल लिहिते त्यांत एखादा किल्ला नाहीतर धबधबा तरी असतो. या वेळी तसलं काही नाही. हिंगोली जिल्ह्यात नरसीच्या पुढे, सेनगावच्या अंगाला एक गाव आहे. तिथे माझी थोरली बहीण राहते आणि मला तिच्याशी फोनवर बोलायचं होतं. त्यासाठी मी पुण्याहून रात्रभराची ट्रॅव्हल्स पकडली. वेडेपणा वाटत असेल तर वाटू दे, पण पुढे वाचा.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. का, ते कळेलच.

आक्का माझ्याहून बरीच मोठी. आई गेल्यापासून मला "जेवलीस का?" विचारणारं माणूस जगात एकच उरलंय, ते म्हणजे ती. पूर्वी ती दर रविवारी गावामागच्या टेकडीवर चढून मला फोन करायची, कारण गावात रेंज नाही, टेकडीवर आहे. गेल्या पावसाळ्यापासून तिचा गुडघा धरलाय. आता ती घरात बसून फोनमध्ये बोलून ठेवते. संध्याकाळी तिचा मुलगा संदीप तो फोन घेऊन टेकडीवर जातो, तिथे तिचा निरोप सुटतो, माझा आलेला असला तर तो घेऊन तो खाली येतो. म्हणजे आक्काचा आवाज मला मिळतो, पण शिळा.

त्यात तिला हे बोलून ठेवणं काही जमलेलं नाही. ती फोनवर बोलल्यासारखंच बोलते. "मुक्ते, जेवलीस का?" म्हणते आणि थांबते. मला उत्तर द्यायला लागेल तेवढा वेळ थांबते. तेवढ्यात मागे शेळी ओरडते, कुणी बादली आपटतं. मग ती म्हणते, "बरं," आणि पुढचं विचारते. ती मधली रिकामी जागा मला ऐकवत नाही. मी कितीदा कळवलं, आक्का, थांबत जाऊ नकोस, सलग बोल. तर दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं, "तुझं ऐकून न घेता मी एकलीच कशी बोलत सुटू?"

एका रविवारी असाच निरोप ऐकून डोळे भरून आले आणि मग राग आला. तक्रार कुठे करायची ते शोधायला बसले, तर सरकारचा ब्रॉडबँडचा नकाशा सापडला. मोठी गमतीची गोष्ट आहे ती. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्या आपली सेवा कुठवर पोचते ते सरकारला कळवतात. त्यात मोठ्या कंपन्या आहेत, तसेच टॉवरवरच्या तबकडीतून घराघरांच्या छपरावरच्या डब्यांना वायरलेस नेट देणारे जिल्ह्यातले छोटे व्यावसायिकही आहेत. सेवा पोचते ते गाव नकाशावर निळं, नाही ते पांढरं. सरकारी जोडणी पांढऱ्या गावांना आधी मिळणार. निळ्यांचं भागलेलं आहे, म्हणून त्यांनी रांगेत मागे उभं राहायचं. मी आक्काचं गाव शोधलं. ते निळं होतं. चांगलं ठसठशीत निळं.

ज्यांनी दिलेल्या माहितीवरून ते निळं झालं होतं त्यांचं नावही खाली होतं. हिंगोलीतलं एक दुकान. दुकानाचं नाव राहू दे, मालकांना आपण रफिकभाई म्हणू. मी फोन लावला.

"ताई, तिथं फुल रेंज हाय," रफिकभाई म्हणाले. "माझा मानूस सोता जाऊन, चाय पिऊन, मोजून आला."

"मग माझ्या बहिणीचा फोन का हो लागत नाही?"

"सेट बदलून बघा की."

फोन ठेवला आणि तिकीट काढलं.

शनिवार

पुण्याहून हिंगोलीला ट्रॅव्हल्स भरपूर आहेत. संक्रांत होऊन गेली असली तरी शाल जवळ ठेवा, जिंतूरकडे पहाटे चांगलीच थंडी असते. मला तिथेच कुठेतरी उजाडलं. औंढ्याला गाडी जरा वेळ थांबते. देवळात जायचं असेल तर तिथेच उतरा आणि दर्शन घेऊन एसटीनं पुढे या. मी उतरले नाही, खिडकीतूनच हात जोडले. पुढे दोन्ही बाजूंना हळदीची पानं पिवळी पडून वाळत होती, मध्येच हिरवागार हरभरा. लहानपणी या दिवसांत आक्का मला काखेत घेऊन हरभऱ्यात शिरायची आणि सोललेले घाटे माझ्या तोंडात कोंबायची. मी थुंकले तरी कोंबायची. गाडीत एकटीच हसले, शेजारच्या बाईंनी जरा सरकून घेतलं.

हिंगोलीच्या स्टँडजवळ सुशीला खाल्ली. पुण्याच्या वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये, सुशीला म्हणजे फोडणीचे भिजवलेले मुरमुरे. पोह्यांपेक्षा हलकी आणि मराठवाड्याबाहेर कुठे धड मिळत नाही. वर लिंबू मागून घ्या.

रफिकभाईंचं दुकान स्टँडपासून चालत जाण्यासारखं. दारात तारांची भेंडोळी, आत पांढऱ्या डब्यांचा ढीग. माणूस पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, बोलायला चांगलाच मोकळा. मी प्रत्यक्ष येईन असं त्यांना वाटलं नव्हतं. वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, हे त्यांनी मी बसायच्या आधीच सांगून टाकलं.

"सरकारनं माहिती मागितली, आमी बराबर दिली," ते म्हणाले. "त्या गावाचा निळा रंग मागं घ्यायचा म्हंजे दुकानाची पाटी उतरवल्यावानी हाय, ताई. तरी घेईन. पन गावानं तर म्हनावं की न्हाई येत म्हून! आजपर्यंत एकानं म्हनलं न्हाई."

"गिऱ्हाईक किती आहेत तुमची तिथे?"

"एक बी न्हाई." त्यांनी तारेचं भेंडोळं उगाच सरळ केलं. "मला वाटलं, लोकांला हौस न्हाई."

शेवटी मीच म्हटलं, चला, तुम्ही आणि मी जाऊन बघू. त्यांना सेनगावला कामच होतं, त्यांच्या ओम्नीत बसले. तुम्हाला जायचं असेल तर हिंगोली-सेनगाव एसटी आहे, बायकांना अर्धं तिकीट. फाट्यावर उतरलं की आत जायला जीप मिळते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही आणि भरली म्हणजे किती भरली हे ड्रायव्हर ठरवतो. नरसीपर्यंत रस्ता छान आहे. तिथे नामदेवांच्या दर्शनाला आलेल्या बाया प्रसादाच्या दुकानापुढे चुडे बघत उभ्या होत्या. आम्ही चहा घेतला. पुढे मात्र रस्ता नुसता नावाला आहे. कंबर सांभाळा.

गावात शिरताच पारावरच्या लोकांनी गाडी थांबवली. मी आक्काची बहीण आणि हे हिंगोलीचे नेटवाले, असं सांगितलं. त्याबरोबर शेषरावमामा पुढे झाले. हे गावातले जुने मेंढपाळ, टेकडीवर त्यांचा आखाडा आहे. आमच्याकडे आखाडा म्हणजे कुस्तीचा नव्हे, शेतातली राहण्या-बसण्याची जागा.

"वर चला साहेब, चहा घ्या. वर हवा लई झ्याक," मामा म्हणाले.

मला आधी आक्काकडे जायचं होतं, पण पाहुण्याला नाही म्हणायची सोयच ठेवली नाही कुणी. वर गेलो. लिंबाखाली शेणानं सारवलेला ओटा, त्यावर सतरंजी, कोपऱ्यात मेंढ्यांची वाघूर, म्हणजे जाळ्याचं कुंपण. रफिकभाईंनी फोन काढला, मग पिशवीतून त्यांची मोजायची डबी काढली.

"बघा ताई! फुल!" त्यांना इतका आनंद झाला की मला मिठी मारायचे बाकी राहिले.

चहा घेऊन खाली उतरलो. अर्ध्या वाटेवरच फोनवरच्या दांड्या एकेक करून गेल्या. आक्काच्या गल्लीत आलो तेव्हा काहीच उरलं नव्हतं. टेकडी मध्ये उभी, टॉवर पलीकडे. रफिकभाईंनी डबी हलवली, उलटी केली, चापट मारून पाहिली.

"म्हंजे माझा मानूस," ते हळू आवाजात म्हणाले, "वरच चाय पिऊन आला."

दारात आक्का उभी होती. चौकटीला धरून, एक पाय अधांतरी. मला वाटलं होतं मी खूप काही बोलेन. मी नुसती तिच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिले. तिच्या पदराला चुलीच्या धुराचा आणि लसणाचा वास होता. तो वास मला पुण्यात कधीकधी उगाच येतो आणि मग दिवसभर काही सुचत नाही.

"जेवलीस का?" तिनं विचारलं आणि थांबली नाही. मी तोंड उघडायच्या आत ज्वारीची भाकरी, ठेचा आणि ताकातलं पिठलं पुढ्यात आलं.

जेवताना सगळा उलगडा झाला. दाजी म्हणजे आक्काचे यजमान मोजकं बोलतात, त्यामुळे संदीपनंच सांगितलं. गावात रेंज नाही म्हटलं की मुलगी कुणी देत नाही. म्हणून बऱ्याच वर्षांपासून गावानं एक रीत पाडली आहे. मुलीकडचे घर बघायला आले की त्यांना घरी नाही, आधी शेषरावमामांच्या आखाड्यावर न्यायचं. वर हवा चांगली म्हणायचं. तिथे पाहुण्यांचा फोन वाजतो, बोलणं होतं, पोरांना व्हिडिओ दिसतो. चहापाणी वर उरकलं की घर दाखवायला खाली आणायचं ते घाईघाईनं, उन्हं कलली असं सांगत. साऱ्या गावाच्या सोयरिकी त्या ओट्यावर जुळल्या. मग सवयीनं कुणीही पाहुणा आला तरी वरच नेऊ लागले. रफिकभाईंचा माणूस आला, त्यालाही वर नेला. सरकारच्या नकाशावर गाव निळं झालं ते असं.

मी पोट धरून हसले. आक्का हसली नाही.

"उद्या संदीपचे पाव्हणे येऊन राहिलेत," ती म्हणाली. "जवळा बाजारचे. पोरगी आमी बघून आलो, लई गुणाची हाय. आता ते घर बघायला येणार."

"आणि तुम्ही त्यांना वर नेणार."

"तर मग कुठं नेऊ?"

रफिकभाई ताट पुसून घेत होते. "आक्का, तुमी फकस्त म्हना, घरात न्हाई येत म्हून. मी नकाशा बदलून देतो. उद्या दिवसा येऊन नीट मोजतो बी."

"उद्या?" आक्का त्यांच्याकडे बघतच राहिली. "भाऊ, गावातलं एक लगीन त्याच्यापायी मोडलं न्हाई आजवर. माझ्याच लेकराच्या टायमाला मी काहून तोंड उघडू? उद्या नकाशात न्हाई म्हून आलं तर साऱ्या जिल्ह्याला कळंल."

"अगं, मुलीचे वडील सरकारी नकाशा बघतात का?" मी म्हटलं.

"आजकालचे पाव्हणे काय काय बघत्येत, तुला काय ठावं!"

रफिकभाई गेल्यावर आम्ही दोघी अंगणात बाजेवर बसलो. मी तिच्या गुडघ्याला तेल चोळत होते. मी तिला विचारलं, निरोप ठेवताना तू थांबतेस तेव्हा काय करतेस? ती म्हणाली, "तू काय म्हणशील ते मनात म्हणते." मी पुन्हा तेलाच्या वाटीत बोटं बुडवली. मला तिथेच राहावंसं वाटत होतं. ते शक्य नाही हे दोघींनाही ठाऊक होतं, म्हणून कुणी तो विषय काढला नाही.

रविवार

सकाळपासून गाव कामाला लागलं होतं, लग्न सगळ्यांच्याच घरचं असल्यासारखं. कुणी सतरंज्या वर नेल्या, कुणी कपबशा. आक्काला टेकडी चढवणार कशी, तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गोधडी घालून तिला बसवलं. मी शेजारी. खड्डा आला की ती माझा हात घट्ट धरायची. किती महिन्यांनी ती वर जात होती. टेकडीवर पोचताच तिच्या कमरेच्या पिशवीत टिंग टिंग सुरू झालं. तिचा फोन. मी शुक्रवारी रात्री ट्रॅव्हल्समधून पाठवलेला निरोप तेव्हा कुठे आला. आदल्या दिवशी माझ्या येण्याच्या गडबडीत संदीप फोन वर न्यायचा विसरला होता.

आक्कानं तो लावला. "आक्का, मी निघाले गं. सकाळी पोचते." माझाच आवाज, आणि मी तिच्या शेजारी बसलेली. तिनं माझ्याकडे पाहिलं. फोन परत पिशवीत ठेवला आणि बंद घट्ट ओढला.

पाहुणे आले. मुलीचे आईवडील आणि एक काका. वडिलांचं जवळा बाजारला शेतीच्या सामानाचं दुकान, माणूस नीटस. आई शांत, इकडे तिकडे बघणारी. रफिकभाईही डबी घेऊन हजर. गावकऱ्यांनी त्यांना थेट पाहुण्यांच्या शेजारी बसवलं. "हे हिंगोलीचे नेटवाले. गावाच्या कामाला सोता आलेत," शेषरावमामांनी ओळख करून दिली. रफिकभाई घामाघूम झाले.

सुशीलाच्या बशा फिरल्या. शेतीचं, पावसाचं, संदीपच्या सेनगावच्या नोकरीचं बोलणं झालं. मुलीच्या वडिलांनी फोन काढून बघितला, समाधानानं खिशात ठेवला.

"रेंज बरी हाय की इथं," ते म्हणाले. मग रफिकभाईंकडे वळून, "काय हो, तुमचं नेट साऱ्या गावात हाय ना? आमची पूजा शिकवण्या घेती फोनवरून. तिला लागतंय."

सगळे रफिकभाईंकडे बघू लागले. हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर दुसऱ्याच्या घरचं मंगलकार्य मोडायचं. त्यांनी कपाळ पुसलं.

"ते... आक्काला इचारा," ते म्हणाले.

आक्का ओट्याच्या कडेला पाय लांब करून बसली होती. तिचा हात पिशवीच्या बंदावर होता.

"हितं हाय," ती म्हणाली. "खाली घरी न्हाई. आन तुमची लेक खाली राहणार हाय."

शेषरावमामा खोकले. दाजी जमिनीकडे बघत बसले. संदीप उठला आणि मेंढ्यांकडे चालत गेला, मागे न बघता. मला वाटलं, मी पुण्यातच का नाही राहिले.

इतका वेळ गप्प असलेल्या मुलीच्या आईनं विचारलं, "मग पोरीशी बोलायचं कसं वं आमी?"

"मी बहिणीशी बोलते तसं," आक्का म्हणाली. "बोलून ठिवायचं. कुणीतरी वर आणतंय. तिकडून आलं की ऐकायचं." तिनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "पोट न्हाई भरत त्यानं, बाई. खोटं कशाला सांगू? माझी बहीण इतक्या लांबून आली ती त्याच्यापायीच."

मुलीच्या आईनं बशी खाली ठेवली आणि पदर डोळ्याला लावला. तिचीही कुणी बहीण कुठे लांब असावी. वडील म्हणाले, "तुमी सरळ सांगितलं, बरं केलं. पन आमाला एकच लेक हाय. घरी बोलतो, कळवतो."

ते घर बघायला खाली आले, पण चहाला थांबले नाहीत.

रफिकभाईंनी खाली घरोघर जाऊन मोजलं. गाव आता लपवणार तरी काय, लोक हात धरून त्यांना न्हाणीघरापर्यंत नेत होते. "इथं बी बघा साहेब, इथं तर अजिबात न्हाई!" पण मोजलेलं कळवायचं तर नेट लागतं. म्हणून ते पुन्हा टेकडी चढले, आणि जिथे फुल रेंज होती तिथे उभं राहून त्यांनी या गावात रेंज नाही असं सरकारला कळवलं.

संध्याकाळी संदीप परतला, आईशी बोलला नाही. आक्का भाकरी थापत म्हणाली, "बोलंल. कुठं जातो?" पण तव्यावरची भाकरी उलटायची ती विसरली. मी विचारलं, काहून गं सांगितलंस? मलाही तिथली बोली दोन दिवसांत चिकटली होती.

"तुझा आवाज आला ना वर, तू बाजूला असताना," ती म्हणाली. "मला वाटलं, ती पोरगी बी अशीच बसंल हितं. तिची आय तिकडं."

आणि घरी

सोमवारी सकाळच्या जीपनं फाटा, तिथून हिंगोली, संध्याकाळची ट्रॅव्हल्स. आक्कानं हरभऱ्याचे डहाळे बांधून दिले होते. गाडीत सोलून खाल्ले, या वेळी एकही थुंकला नाही. जायचं असेल तर याच दिवसांत जा. नरसी करा, औंढा करा, सुशीला खा. आणि कुणी टेकडीवर चहाला बोलावलं तर खुशाल जा, पण खालीही उतरून बघा.

काही आठवड्यांनी नकाशा उघडला. आजूबाजूला निळा रंग आणि मध्ये आक्काचं गाव पांढरं. कुणाला ते रिकामं वाटेल. मी मात्र त्या पांढऱ्या ठिपक्यावर बोट ठेवून बराच वेळ बसले. जोडणी कधी येईल ते कुणी सांगत नाही. रफिकभाई म्हणतात, रांगेत तर लागलं ना, ताई.

जवळा बाजारहून निरोप आला तो असा, की नेट आलं की बोलू, तोवर दुसरीकडे बघत नाही. म्हणजे संदीपचं लग्नही आता सरकारच्या हातात. तो आईशी बोलायला लागला आहे. फक्त हल्ली फोन घेऊन टेकडीवर गेला की लवकर खाली येत नाही. कुणाशी बोलत बसतो ते आक्का विचारत नाही. माझे निरोप मात्र तिला पूर्वीपेक्षा उशिरा मिळतात, आणि याची तक्रार मी कुठेही करणार नाही.

काल तिचा निरोप आला. मी स्वयंपाकघरात उभी राहून लावला. आधी शेळी ओरडली, मग आक्का.

"मुक्ते, जेवलीस का?"

आणि ती थांबली. मी गॅस बारीक केला आणि मोठ्यानं म्हटलं, "जेवले गं आक्का. तू?"

"बरं," आक्का म्हणाली.